काउंटर दोनवरचं तत्त्व

४ जून, सोमवार
आजपासून तत्त्व. औषधशास्त्र शिकलो ते जीव वाचवायला. संबंधानंतर घ्यायची ती गर्भ टाळणारी गोळी यापुढे माझ्या हातून दिली जाणार नाही. डॉक्टरची चिठ्ठी असली तरी. तसा कागद काउंटरच्या काचेवर चिकटवला. अक्षर छान आलंय.

शेजारच्या दुकानातला चष्मेवाला वाचून म्हणाला, असा माणूस आजकाल बघायला मिळत नाही. गिऱ्हाइकांसमोर म्हणाला. दुपारी जेवण जास्त गेलं.

बायको काउंटर एकवर, मी दोनवर. तीही फार्मासिस्ट. दुकानाचं लायसन्स तिच्या नावावर आहे, पण ती निव्वळ तांत्रिक बाब. म्हणाली, तुला द्यायची नसेल तर चिठ्ठी माझ्याकडे सरकव. माणूस रिकाम्या हाताने जाता कामा नये, आणि प्रवचन नको. मी मान्य केलं. मी मुळात उदार.

५ जून
तत्त्वाला अजून संधी नाही. दिवसभर खोकला आणि मूळव्याध.

६ जून, सकाळ
झोपेच्या गोळ्यांबद्दलही तत्त्व असावं का? बायको म्हणाली, मग तू नुसता शांपू वीक. विचार तहकूब.

६ जून, दुपार
एक बाई आली. कडेवर बाळ, हातात त्याच गोळीची चिठ्ठी. बायको दाताच्या डॉक्टरकडे गेलेली. गोळी डावीकडच्या खणात, हाताशीच. हात गेलाही होता. पण चष्मेवाला बाकावर बसून माझ्याकडेच बघत होता, अभिमानाने. आता काय करणार?

तत्त्वात बसत नाही म्हणालो. ती हळू आवाजात म्हणाली, बाळ सहा महिन्यांचंय, सिझेरियन झालंय, इतक्यात पुन्हा दिवस राहिले तर जिवावर बेतेल असं डॉक्टर म्हणाल्यात. उद्या संध्याकाळनंतर गोळीचा उपयोग नाही. चष्मेवाला छताकडे बघू लागला. बायको तासाभरात येईल, एवढं सांगता आलं असतं. पण मग तत्त्वाला काय अर्थ राहिला? मी कागदाकडे बोट दाखवलं. गेली.

चष्मेवाल्याने पाठ थोपटली. जरा जोरात.

६ जून, संध्याकाळ
बायकोला सांगितलं नाही. तिची दाढ ठणकतेय. दुखणाऱ्या माणसाला त्रास देऊ नये, हेही तत्त्वच.

७ जून, सकाळ
झोप नाही. दुसरीकडे मिळाली असेल. मिळतेच.

काउंटर आणि कपाट यांच्यामध्ये माझी खुर्ची मागे सरकतच नाही, हे इतक्या वर्षांत आज जाणवलं. बाहेर पडायची फळी बायकोच्या बाजूने उचलावी लागते. कागद गुपचूप काढावा म्हटलं, तर चष्मेवाला सकाळपासून माणसं आणून दाखवतोय. एकाने माझा फोटो काढला. हसलो. जबडा अजून दुखतोय.

७ जून, दुपार
चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा फोन. बायकोने घेतला. ऐकता ऐकता माझ्याकडे बघत होती. त्या बाईला बाकीच्या दुकानांत गोळी मिळालेली नाही. आज बाळाला ताप, घर सोडता येत नाही. घरचा पत्ता तिनेच डॉक्टरीणबाईंकडे दिलाय.

बायकोने गोळी पाकिटात घातली, फळी उचलली, म्हणाली, तू जायचं. आत्ता. मी म्हणालो, माझं तत्त्व. म्हणाली, लायसन्स माझं आहे, आज तत्त्वही माझं. स्कूटर काढ.

चष्मेवाल्याने कुठे निघालात विचारलं. दूध आणायला, म्हणालो.

७ जून, संध्याकाळ
तिसरा मजला, लिफ्ट बंद. घामाघूम झालो तरी हेल्मेट काढलं नाही. दार तिनेच उघडलं. बाळ कडेवर, डोळे सुजलेले. पाणी आणून तिथेच उभ्या उभ्या गोळी घेतली. वेळेत. मला सुटल्यासारखं वाटलं. का, ते कळलं नाही.

मग निरखून बघत म्हणाली, काउंटरवरचे तुम्हीच ना?

छे, म्हणालो. मी फक्त घरपोच देतो. ते वेगळे.

म्हणाली, मग त्यांना सांगा, काल रात्रभर याला मांडीवर घेऊन बसले होते. मला काही झालं तर याचं कोण करणार, एवढंच डोक्यात होतं. सांगाल ना त्यांना?

सांगतो म्हणालो.

८ जून
अजून सांगितलेलं नाही.