डावीकडची मोकळी जागा

प्रिय केयूर,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी लासुर्ण्याला आमच्या अंगणात आईबरोबर शेंगा फोडत बसले होते. सहा वर्षांनी आवाज ऐकला, आणि तू मात्र असा ‘राजू’ म्हणालास की जणू कालच बारामतीच्या स्टँडवर चहा पिऊन उठलो होतो. संघ सारखा हरतोय, गोल सगळे डावीकडूनच होतायत, रविवारी हरलास तर प्रशिक्षकपद जाणार, हे सांगून झाल्यावर हळूच मुद्द्यावर आलास. आपल्या बारामतीच्या फुटबॉल संघात डावीकडं नेमकं काय करायचो गं आपण? लिहून कळवते म्हणाले होते. तू मेसेजची वाट बघत असशील, पण एवढं सगळं मेसेजमध्ये मावायचं नाही.

तुझे सामने मी पाहते. मागे तीन, मध्ये पाच, पुढे दोन. टीव्हीवरच्या मुलाखतीत तू तिला ‘माझी मांडणी’ म्हणालास तेव्हा आई पदर तोंडाला लावून हसली. ती मांडणी कुठून आली हे तिला ठाऊक आहे. तू एकदा हौसेनं आमच्या उसाला पाणी द्यायला आला होतास, आठवतंय? एक सरी भरली म्हणून तू तिचं पाण्याचं दार मातीनं बांधून टाकलंस आणि मग पुढचं दार शोधत फिरलास. तेवढ्यात पाट फुटला आणि पाणी शेजारच्या हरभऱ्यात. शेजारचे संभाजीतात्या बांधावरून ओरडले होते, “अवं पावनं, आदी म्होरलं दार फोडा, मग मागलं बांदा. पानी काय तुमच्यासाटी थांबतंय व्हय?” तू चिखलात उभा राहून हसत होतास. मी त्याच संध्याकाळी मैदानावर जाऊन खेळाडूंच्या जागा बदलल्या.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. डाव्या कडेचा खेळाडू वर धावायच्या आधी मधल्यानं सरकून त्याच्या मागची जागा भरायची. आधी. तो धावल्यावर नाही. तुझा मधला पोरगा धावतो, जीव तोडून धावतो, पण जागा रिकामी झाल्यावर. फळ्यावर काढलं तर दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून तर तुला ते इतक्या सहज उचलता आलं. जागा पाठ केल्यास तू, क्रम तेवढा राहिला. चिखलातही तोच राहिला होता.

आता मला नोकरीच्या त्या जुन्या मुलाखतीबद्दल बोलू दे. पुण्याच्या त्या क्लबनं प्रशिक्षक म्हणून आपल्या दोघांना मिळून बोलावलं होतं. गुरुवारी आहे, म्हणालास. गुरुवारी मी नवी साडी नेसून, आईनं बांधून दिलेली धपाटी घेऊन तिथं गेले तर फाटकाला कुलूप. तुझा फोन बंद, म्हणून तुझ्या घरी लावला. तुझ्या आई, मंदाकिनीकाकू, बिचाऱ्या खुशीत म्हणाल्या, “अगं, त्याचं कालच झालं की. पेढे घ्यायला ये.” त्यांना काही माहीत नव्हतं, हे मला आवाजावरून कळलं. परतीच्या एसटीत मी धपाटी खाल्ली. रडले नाही, पण इंदापूर तालुका लागेपर्यंत तुझ्या नावानं जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या मनात देऊन झाल्या. आपल्या ठरत आलेल्या लग्नाचं तर तू पुन्हा काढलंच नाहीस. त्याचं वाईट वाटणं केव्हाच संपलं. कुलपाचं संपलेलं नाही, आणि ते संपावं असं मला कधी वाटलंही नाही.

वर लिहिलेलं उत्तर पुरं आहे, त्यात एक अक्षर लपवलेलं नाही. आज शुक्रवार. गावातली टपालपेटी दुपारीच रिकामी झालीय, आणि मी हे पाकीट संध्याकाळी टाकणार, साध्या टपालानं. सोमवारच्या आधी ते तुझ्या हाती पडायचं नाही. तोवर रविवारी समोरच्या संघाच्या बाकावर तू मला पाहिलेलं असशील. त्यांनी मला पंधरवड्यापूर्वीच प्रशिक्षक म्हणून घेतलं, तू फोनवर विचारलं नाहीस म्हणून मी सांगितलं नाही. आमचा सगळा हल्ला तुझ्या डावीकडून आहे. निकाल तुला माहीत असेल, मला लिहिताना माहीत नाही, पण काळजीही नाही. पेढे घ्यायला लासुर्ण्याला ये.

तुझीच,
गुरुवारी पोचलेली राजेश्वरी