थेट तुमच्या कानात

प्रिय अध्यक्षबाई,

तू आईच्या फोनवर पाठवलेला निरोप वाचला. "गाडीत गाणी नीट लागत नाहीत म्हणून बाबांनी कंपनीवर केस केली? या वयात?" आणि पुढे हसून हसून रडणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांग. हस बाई. तुझ्या आईनेही मला हेच विचारलं, फक्त हसण्याऐवजी तिने कपाळाला हात लावला. पण केस गाण्यांसाठी नाही. कशासाठी आहे ते तुला सांगावं म्हणून चहा बाजूला ठेवून लिहायला बसलो आहे. आई मघाशी डोकावून म्हणाली, "फोन करा की सरळ, दोन मिनिटांचं काम." दोन मिनिटांत माझा आजवर समोरच्यांना नमस्कारसुद्धा करून झालेला नाही, हे तिला कोण सांगणार. तेव्हा पत्रच.

आपली ती विटकरी रंगाची जुनी गाडी तुला आठवत असेलच. मागची डावी काच आपोआप खाली घसरायची आणि मी भाषणाच्या टिपणांची घडी करून तिच्या फटीत खुपसायचो. आई म्हणायची, तुमच्या विचारांचा समाजाला झालेला हा एवढाच थेट उपयोग. मी तेव्हा गावोगाव बोलत हिंडायचो. वाचनालयं, कामगारांची सभागृहं, शाळांचे वर्ग, कुठेही. खुर्च्या भरलेल्या असोत नाहीतर समोर नुसता शिपाई बसलेला असो, माझा आवेश तोच. आणि शाळेला सुट्टी असली की तू बरोबर. एकदा परतताना मी माझ्याच भाषणातला टाळ्या मिळालेला भाग तुला पुन्हा ऐकवायला लागलो. तू तेव्हा दुसरी-तिसरीत असशील. दोन सीटच्या मधून डोकं पुढे काढून म्हणालीस, "बाबा, पुरे. आता माझी सभा. मी अध्यक्ष, तुम्ही श्रोते. मधे बोललात तर बाहेर काढीन." चालत्या गाडीतून चालकालाच बाहेर काढायला निघालेला अध्यक्ष मी तोवर पाहिला नव्हता. त्या दिवसापासून तो नियमच झाला. जाताना मी बोलायचं, येताना तू. मी मागे वळून बघायचं नाही, मधे तोंड उघडायचं नाही, आणि मत द्यायचंच तर दुसऱ्या दिवशी, तेही तू विचारलंस तर.

किती गोष्टी ऐकल्या मी त्या गाडीत! तुझ्या बाकावरची मुलगी तुझ्याशी बोलेनाशी झाली ती गोष्ट, चित्रकलेच्या बाईंनी तुझा हत्ती फळ्यावर लावला ती गोष्ट. पुढे तू मोठी झालीस, तुझे पाय पुढच्या सीटला अडायला लागले, तरी तुझी जागा बदलली नाही. अध्यक्ष पुढे बसत नाहीत, म्हणायचीस. डॉक्टर व्हायचं नाही, हे तू मला मागूनच सांगितलंस. लग्न कोणाशी करायचं, तेही मागूनच. माझ्या मानेला तू जेवढं सांगितलंस तेवढं माझ्या तोंडासमोर कधी सांगितलं नाहीस. मला ते आवडायचं. सगळं आयुष्य मी माणसांना गप्प बसवून बोललो. गप्प बसून ऐकायची माझी जागा जगात एकच होती, आणि तिला चार चाकं होती.

आता जे सांगणार आहे ते तुझ्यापासून आम्ही दोघांनी लपवलं. मला ऐकू कमी येतं. कमी म्हणजे बरंच कमी. सुरुवात कधी झाली ते मलाच ठाऊक नाही. एका व्याख्यानानंतर कोणीतरी मागच्या रांगेतून प्रश्न विचारला आणि मी भलत्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. उत्तर इतकं जोरदार होतं की टाळ्या पडल्या. सभेत हे खपतं. वक्ता विषय सोडून बोलला की लोक म्हणतात, काय झेप आहे! पण घरी खपेना. शेवटी एकदा आईने मला कानांच्या डॉक्टरांकडे नेलं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, तुला कधी कळलं? ती म्हणाली, "तुम्ही आधीही माझं ऐकत नव्हता, म्हणून कळायला उशीर झाला." तेव्हापासून माझ्या दोन्ही कानांत वाटाण्याएवढी यंत्रं आहेत. केसांच्या आड जातात, दिसत नाहीत. माणूस समोर बसून बोलला तर त्याचे ओठ आणि यंत्र मिळून काम भागतं. फोनवर मात्र माझी फजिती होते. "आईकडे देतो हं" असं मी लगेच का म्हणतो, ते आता तुला समजलं असेल. आणि गाडीत, इंजिन चालू असताना मागून कोणी बोललं, तर माझ्यापर्यंत नुसती गुणगुण पोचते.

अशात ती जाहिरात पाहिली. नवी गाडी, आत वायरलेस आवाजाची नवी सोय. रंगीत माहितीपत्रकावर एक हसरं कुटुंब, आजोबा गाडी चालवत आहेत, मागे नात काहीतरी सांगते आहे, आणि वर ठळक अक्षरांत: 'मागच्या सीटवरची कुजबुजही आता थेट तुमच्या कानात. कोणतंही वायरलेस श्रवणयंत्र जोडा.' मी ते वाक्य उभ्याउभ्या पुन्हा पुन्हा वाचलं. शोरूममध्ये गळ्यात लाल टाय घातलेला एक गोड मुलगा होता. त्याला मी बाजूला घेऊन, इकडेतिकडे बघून, हळू आवाजात सांगितलं की मला कानाला यंत्र आहे. बघ, माझी लेक ज्या गोष्टीपासून लांब ठेवली होती ती मी त्या टायवाल्याला पहिल्या भेटीत सांगून टाकली! तो म्हणाला, "काका, तुमच्यासाठीच तर केलंय हे." त्याने माझा फोन घेतला, काहीतरी दाबलं, गाडीच्या पडद्यावर 'जोडले' अशी अक्षरं उमटली आणि खरंच माझ्या कानात एक गाणं स्वच्छ वाजायला लागलं. मी लहान मुलासारखा हुरळलो. तू सुट्टीवर यायच्या आधी गाडी दारात उभी राहिली पाहिजे, हा एकच हट्ट धरला. आई म्हणाली, "लेकीपुढे मिरवायला गाडी घेताय." म्हटलं, असंच समज.

तू येऊन गेल्यावर मी ती गाडी घेऊन दुरुस्ती केंद्रात गेलो. तिथे एका मुलीने लॅपटॉप लावून तपासलं आणि दहा वेळा सॉरी म्हणत सांगितलं की गाडीत काही बिघाड नाही, कारण ती सोयच तिच्यात नाही. मागच्या सीटजवळचा माईक फक्त फोन आला तर बोलण्यासाठी. शोरूममध्ये माझ्या कानात जे गाणं वाजलं ते माझ्याच फोनमधून आलेलं. गाडीचा त्याच्याशी संबंध नव्हता. ती 'जोडले' अक्षरंसुद्धा फोन जोडला गेल्याची, माझ्या यंत्राची नव्हेत. मी कंपनीला लिहिलं. त्यांचं उत्तर आलं ते वाचून माझं डोकं फिरलं. म्हणे, 'थेट तुमच्या कानात' ही जाहिरातीतली अलंकारिक भाषा आहे, सुज्ञ ग्राहक ती शब्दशः घेत नाही. अलंकार! अगं, अलंकारांवर मी जन्म काढला. सत्तेला अजगर म्हटलं, अज्ञानाला अंधार म्हटलं, पण 'या सभागृहाला मागे दार आहे' असं खोटं सांगून कोणाला भिंतीवर आपटवलं नाही. 'कोणतंही यंत्र जोडा' यात कसला आलाय अलंकार? ती सूचना आहे. माणसं शब्दावर भरवसा ठेवून गाडी घेतात, औषध घेतात, मत देतात, लग्न करतात. तो भरवसा मोडून वर तुम्ही अडाणी आहात म्हणणाऱ्याला मी सोडणार नव्हतो. त्यांनी नंतर नरमून भारी स्पीकर फुकट बसवून द्यायची तयारी दाखवली. ज्याला ऐकू येत नाही त्याला मोठा आवाज द्यायचा, एवढीच त्यांची समज. मी नाही म्हटलं आणि ग्राहक तक्रार मंचात गेलो. वकील केला नाही. आई म्हणाली, "तुम्ही कशाला वकील करताय, वकिलाला मधे बोलायला मिळेल का?"

पहिल्या तारखेला मी जोरात होतो. माझे जुने विद्यार्थी आले होते, एक वार्ताहर आला होता. मंचाच्या अध्यक्ष एक शांत बाई आहेत. मी विनंती केली म्हणून त्या आणि कंपनीचा वकील दोघंही माझ्याकडे तोंड करून बोलत होते. विनंतीचं कारण मी सांगितलं, सर्दी. तक्रारीतही नुसतं 'वायरलेस आवाजाची सोय चालत नाही' एवढंच लिहिलं होतं. कंपनीचा वकील तुझ्याच वयाचा, हुशार. तो उठला आणि म्हणाला, "सरांची भाषणं ऐकत मी मोठा झालो. पण सरांचं नुकसान काय झालं? गाडी चालते, गाणी लागतात. एक करमणुकीची सोय कमी निघाली, एवढंच ना?" मागे कोणीतरी हसलं असावं, कारण बाईंनी तिकडे रागाने पाहिलं. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचं नेमकं काय नुकसान झालं ते तुमच्या शब्दांत सांगा." आणि माझ्या अध्यक्षबाई, मी उभाच राहिलो. तोंडातून अक्षर फुटेना. आजवर माझ्यावर दगड आले, निषेधाच्या घोषणा झाल्या, वीज गेली, माईक बंद पडला, पण मी गप्प बसलो नव्हतो. बाईंना वाटलं मी दमलो आहे. त्यांनी पुढची तारीख दिली.

ती तारीख परवा आहे. परवा मी सर्वांसमोर सांगणार आहे की मी बहिरा होत चाललो आहे, आणि ते दुसऱ्या दिवशी छापून येईल. तू ते पेपरात वाचण्याआधी माझ्या हातचं वाचावंस, हे या पत्राचं एक कारण, म्हणून ते आजच कुरियरने पाठवतो आहे. दुसरं सांगायला मला इतकी पानं लागली. मागच्या खेपेला तू माझ्याबरोबर व्याख्यानाला आलीस आणि परतताना न सांगता मागे जाऊन बसलीस. मला केवढा आनंद झाला होता! यंत्रं कानात होती, पडद्यावर 'जोडले' दिसत होतं. नदीवरचा पूल ओलांडल्यावर तू बोलायला लागलीस आणि घराच्या फाटकापर्यंत बोलत होतीस. आरशात मला तुझा अर्धा चेहरा दिसत होता. मधे तू बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलंस, मग पदराने, नव्हे, ओढणीने डोळे पुसलेस. माझ्या कानात स्वच्छ आवाज येत होता: "पुढे उजवीकडे वळा. सरळ जात राहा." फोनमधल्या त्या रस्ता सांगणाऱ्या बाईचा. तुझा नव्हे. मला आधी वाटलं, आता लागेल, आता लागेल. मग वाटलं, थांबवून विचारावं. पण तू रडत होतीस, आणि त्या क्षणी मला तुला सांगावं लागलं असतं की तुझा बाप इतका वेळ काहीच ऐकत नव्हता. मी गाडी चालवत राहिलो. फाटकाशी उतरून तू माझ्या खिडकीपाशी आलीस, तुझा चेहरा अगदी समोर होता, ते वाक्य मात्र मला पूर्ण ऐकू आलं: "बाबा, तुम्ही काही बोलला नाहीत, फार बरं वाटलं." दुसऱ्या दिवशी तू माझं मत विचारलं नाहीस आणि गेलीस. त्यानंतर तू आईला सांगतेस, बाबांना सगळं माहीत आहे; आणि आई मला विचारत राहते, काय माहीत आहे? मी म्हणतो, तिची गोष्ट आहे, तीच सांगेल. माझं नुकसान काय झालं, म्हणून मंचाच्या बाईंनी विचारलं तेव्हा मला हेच सांगायचं होतं, आणि तू काय बोललीस हेच मला ठाऊक नव्हतं. परवा मी तुझा उल्लेख करणार नाही, एवढंच म्हणेन की माझं एक माणूस माझ्याशी बोललं आणि मला ऐकू आलं नाही. मंचाला तेवढं पुरे. मला पुरेसं नाही. बाळा, त्या दिवशीचा तुझा एकही शब्द माझ्यापर्यंत पोचलेला नाही. तू एकटीच ते सगळं घेऊन परत गेलीस. पुन्हा सांगशील? लिहून पाठव, नाहीतर ये, माझ्या समोर बस, आणि पहिल्यापासून सांग.

तुझाच,
बाबा