सहा कप, सात प्रयोग

१८ डिसेंबर, दुपार

आजपासून वर्षअखेरपर्यंत रजा. बायकोची समजूत आहे की मी माळा आवरणार आणि मोरीतला नळ बदलणार. तसं मीच म्हणालो होतो. पण ऐन सुट्ट्यांत आमच्या ग्रुपच्या नाटकाचे सात प्रयोग आहेत, आणि प्रॉपर्टी, म्हणजे स्टेजवर लागणाऱ्या वस्तू, सांभाळायला माझ्याशिवाय आहे कोण? नळ जानेवारीत.

प्रॉपर्टीचं टेबल लावलं. पांढरा कागद अंथरून त्यावर प्रत्येक वस्तूभोवती मार्करने रेघ मारली. चष्मा, किल्ल्या, टॉर्च, कप. वस्तू तिथून उचलायची, तिथेच ठेवायची. वर माझ्या हाताने पाटी लिहिली: हात लावू नये. नायिकेने सहज चष्मा उचलून बघितला, तर तिलाही सुनावलं. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, म्हणजे नाही.

दुसऱ्या अंकात नायिका संतापून कप विंगेत भिरकावते. दिग्दर्शक म्हणाला, फुटल्याचा आवाज रेकॉर्ड करून वाजवू. मी म्हणालो, छे, तो ताट पडल्यासारखा येतो. खरा कप फोडायचा, दर प्रयोगाला एक. पातळ चिनी मातीचे डझनभर कप आणतो, दुकान ओळखीचं आहे. सगळे गप्प झाले. भारावले असावेत.

१९ डिसेंबर

दुकान बंद. दारावर कागद, ३ जानेवारीला उघडेल. ओळखीच्या दुकानदाराने निदान फोन करायचा. दुसरीकडे बघणार होतो, पण टेबलावरचा कागद वाकडा चिकटला होता. तो सरळ करण्यात संध्याकाळ गेली.

२० डिसेंबर, सकाळ

आज पहिला प्रयोग. कप नाही.

घरात कप आहेत. कपाटाच्या वरच्या फळीवर, खोक्यात, प्रत्येक कप वर्तमानपत्रात गुंडाळलेला. सासूबाईंचे. त्या गेल्यावर दोघी बहिणींनी सगळं एका दुपारी वाटून घेतलं, या कपबश्या मात्र दोघींनाही सोडवेनात. शेवटी सहा कप बायकोने घेतले, सहा बशा ताईंनी, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीने. वर्षातून एकदा, याच सुट्ट्यांत, ताई बशा टॉवेलात बांधून आमच्याकडे येतात. मग कप बश्यांवर बसतात आणि दोघी आईच्या सेटमधून चहा पितात. एरवी खोक्याला कोणी हात लावत नाही. ताई यंदा २८ला येणार. तोवर डझनभर कप येतील, त्यातला एक यात ठेवला की झालं. पांढरा कप, काठाला निळी रेघ. असे कप पैशाला पासरी मिळतात.

एकच घेतला. खोका हलका लागू नये म्हणून त्या कागदात स्टीलची वाटी गुंडाळून ठेवली. असं सुचायला अनुभव लागतो.

२१ डिसेंबर, सकाळ

प्रयोग झकास. कप काय फुटला! प्रेक्षक दचकले. दिग्दर्शकाने पाठ थोपटली. मी तुकडे वेचून पत्र्याच्या बादलीत टाकले.

आजसाठी अजून एकच. दोन म्हणजे काही फार नाहीत. दुसरी वाटी गुंडाळली.

२२ डिसेंबर, सकाळ

आता बस. सासूबाईंच्या वस्तूला पुन्हा हात लावणार नाही. ऑनलाइन कप मागवले. येणार २ जानेवारीला. आज ऑफिसातला माझा मग वापरणार.

२२ डिसेंबर, प्रयोगानंतर

मग फुटला नाही. जाडजूड माल. भिंतीवर आपटला, उलटा फिरला आणि घरंगळत थेट स्टेजवर नायिकेच्या पायाशी जाऊन थांबला. त्यावर लिहिलंय ‘महिन्यातील उत्तम कर्मचारी’. ती रडत होती. प्रेक्षक हसून लोळले. आमचा लाइटवाला, ज्याला सगळे काळोख म्हणतात कारण त्याचा ब्लॅकआउट नेहमी वेळेआधी होतो, त्याने घाबरून तिथेच अंधार केला.

दिग्दर्शक म्हणाला, उद्यापासून पहिल्यासारखाच कप हवा. तूच म्हणालास ना, डझनभर आहेत?

मी हो म्हणालो. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण हो आलं.

२३ डिसेंबर

तिसरा कप. तिसरी वाटी.

जेवताना बायकोने विचारलं, वाट्या कमी का दिसतायत? म्हटलं, शेजारी गेल्या असतील. ती म्हणाली, शेजारी कुलूप लावून आठवडाभर गावाला गेलेत. मी पाणी प्यायलो. आज पातळ भाजी तिने ताटातच वाढली. ती भाताकडून पोळीकडे वाहत गेली. मी पोळीने बांध घातला.

२४ डिसेंबर, सकाळ

रात्रभर तळमळलो आणि तोडगा सापडला. इतका सोपा की स्वतःचाच राग आला. कप विंगेत येतो. विंगेत मीच उभा असतो. प्रेक्षकांना कप फुटताना दिसतच नाही, फक्त ऐकू येतो! म्हणजे मी कप झेलायचा आणि आधी फुटलेल्या कपांचे तुकडे पत्र्याच्या बादलीत धाडकन ओतायचे. तुकडे बादलीतच जमवून ठेवलेत. कॉलेजात मी स्लिपमध्ये उभा राहायचो. (दोन सामने.)

आता एकही कप जाणार नाही. उरलेले तीन सुखरूप. तीन कपांचं उत्तर काय द्यायचं ते नंतर.

२४ डिसेंबर, प्रयोगानंतर

डोळे मिटले गेले. कप कानाजवळून गेला. आता दोन उरले.

२५ डिसेंबर

प्रयोग नाही. आज कपांसाठी बाजार पालथा घालायचा होता, पण सराव जास्त महत्त्वाचा. बटाटे भिंतीवर मारून झेलले. दहापैकी चार. बायको बाजारातून आली आणि बटाट्यांकडे बघत राहिली. म्हणाली, यांना काय झालं? म्हटलं, हल्ली माल चांगला येत नाही.

मग ती शेजारी येऊन बसली. हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. विचारलं, तुला मला काही सांगायचंय का?

शपथेवर सांगतो, ओठांवर आलं होतं. लाज वाटत होती, आणि ती अगदी शांतपणे वाट बघत होती. मी म्हणालो, नाटक चांगलं चाललंय.

बरं, म्हणाली आणि उठून बटाटे धुवायला गेली.

उद्या सांगणार. नक्की. सकाळी चहाच्या आधी.

२६ डिसेंबर, सकाळ

चहा आधी आला. प्रयोगाच्या दिवशी घरात कटकट नको. आज विंगेत उशी ठेवतोय. हातातून सुटला तरी पडेल उशीवर. सांगायची गरजच पडू नये अशी व्यवस्था केली, तर तेही एक प्रकारे प्रामाणिकपणाच.

२६ डिसेंबर, प्रयोगानंतर

कप उशीच्या काठावर पडला, उडाला आणि फरशीवर फुटला. पुढच्या एन्ट्रीला नायिका अंधारात उशीला अडखळली आणि ‘मी आता माझ्या पायावर उभी आहे’ हे वाक्य तिने गुडघ्यांवर बसून म्हटलं. दिग्दर्शकाने बजावलं, विंगेत जमिनीवर यापुढे टाचणीसुद्धा दिसता कामा नये.

एक कप राहिला. पाच वाट्या गेल्या. सहावी वाटी शोधली तर नेहमीच्या जागी नव्हतीच. मग ती ताटाखाली सापडली, एकटीच, स्वच्छ घासून पुसून ठेवलेली. माझ्यासाठी ठेवल्यासारखी. काहीतरीच मनात येतं.

२७ डिसेंबर

प्रयोग नाही. कान धरून दहा उठाबशा काढल्या. व्यायाम म्हणूनही चांगलं.

सासूबाई आठवल्या. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी याच कपातून चहा दिला होता. कान इतका लहान की माझं बोट अडकलं, आणि सगळे हसले. त्या नाही हसल्या. साबण लावून बोट सोडवलं आणि म्हणाल्या, सावकाश, कप कुठे पळत नाहीत.

बायकोला चिठ्ठी लिहिली. ‘कपांबद्दल थोडं बोलायचं आहे.’ उशीखाली ठेवली. माझ्याच.

२८ डिसेंबर, दुपार

ताई आल्या. टॉवेलातल्या सहा बशा टेबलावर ठेवल्या. प्रवासभर मांडीवर धरून आणल्यात म्हणे, बॅगेत ठेवल्या नाहीत. म्हणाल्या, चहा उद्या सकाळी निवांत. आज तुमचं नाटक बघायचंय. बायको म्हणाली, हो, मलाही बघायचंय. सात प्रयोगांत ती पहिल्यांदाच येणार.

काय बोलणार? तिसऱ्या रांगेतले दोन पास दिले. शेवटचा कप कोटाच्या खिशात आहे. आज झेलला तर निदान एक वाचेल. एका कपातून दोघी बहिणी घोट घोट पिऊ शकतात. आज जीव गेला तरी झेलणार.

२९ डिसेंबर, पहाटे पाच

झोप नाही. लिहूनच टाकतो.

झेलला. देवाशप्पथ झेलला! दोन्ही हातांत, छातीशी, अलगद. साधा टवकाही नाही. आयुष्यात इतका आनंद झाला नव्हता. मग बादलीकडे वळलो.

बादली रिकामी. धुवून पालथी घातलेली. हॉल झाडणाऱ्या बाईंना दोन दिवस सुट्टी होती, तर जाण्याआधी त्यांनी सगळा कचरा काढून ठेवला होता. कर्तव्यदक्ष बाई.

स्टेजवर शांतता. कप फुटल्याशिवाय नायिकेला पुढचं वाक्य येत नाही. वाक्य आहे, ‘बघ, आता जोडून दाखव.’ ती विंगेकडे बघत उभी. मागून दिग्दर्शकाचा खोकला. काळोखने घाबरून अर्धे दिवे घालवले. तिसऱ्या रांगेत बायको मान पुढे काढून बसलेली, विंगेच्या फटीतून मला स्पष्ट दिसत होती. माझ्या हातात तिच्या आईचा शेवटचा कप.

तेव्हा कप खिशात टाकून स्टेजवर जायचं, माफी मागायची आणि घरी यायचं होतं. आता पहाटे सगळं सुचतंय.

मी तो सोडला. बाकीचे पाच नायिकेने फोडले असं निदान म्हणता येत होतं. हा मी फोडला, माझ्या हातांनी. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. येताना टॅक्सीत ताई म्हणाल्या, कपाचा आवाज अगदी खरा वाटला हो. बायको खिडकीबाहेर बघत होती.

निर्णय: ती उठली की सगळं सांगायचं. सहाच्या सहा.

२९ डिसेंबर, दुपार

ती माझ्याआधी उठली होती. टेबलावर सहा बशा मांडलेल्या. मी म्हणालो, जरा ऐक. ती म्हणाली, आधी चहा.

तिने खोका काढला. मी उभ्याउभ्या गार. ताईंच्या देखत पहिला कागद सोडला. वाटी. ती बशीवर ठेवली. दुसरा कागद. वाटी. तिसरा, चौथा, पाचवा. सहावी वाटी मी काल शेवटचा कप खिशात टाकताना... नाही, ती ठेवायची राहूनच गेली होती. पण सहाव्या कागदातही वाटी निघाली. ती बायकोने ठेवली होती.

सहा बश्यांवर सहा वाट्या. तिने चहा ओतला. म्हणाली, दुसरी वाटी गेली तेव्हाच खोका उघडून बघितला होता. तेव्हा चार कप होते. मी अडवलं असतं तर चारही राहिले असते. पण म्हटलं, हा येऊन सांगेल. रोज वाटलं, आज सांगेल.

 माझी मान वर होईना. ताईंनी वाटी उचलली, चटका बसला, खाली ठेवली. मग चहा बशीत ओतला आणि दोघी बहिणी एकमेकींकडे न बघता बशीतून प्यायल्या. ताईंचे डोळे भरले होते. चहा गरम होता म्हणाल्या.

३० डिसेंबर

ताई सकाळी गेल्या. बशा नेल्या नाहीत. म्हणाल्या, तुझ्याकडेच राहू देत, आता मी नुसत्या बशा मांडीवर घेऊन कुठे येऊ जाऊ?

नळ बदलला. माळा आवरला.  दिग्दर्शकाचा फोन आला, जानेवारीत नवीन नाटक, त्यात कपबश्या लागतील. मी ‘बघतो’ म्हणालो, आणि म्हटल्याबरोबर बायकोकडे बघितलं. ती माझा मार्कर घेऊन काहीतरी लिहीत होती.

आत्ता पाणी प्यायला उठलो तर खोका परत वरच्या फळीवर दिसला. आत बशा. वर ठळक अक्षरात: हात लावू नये. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.