खूण न उमटणारं कोर्ट

सर, आज तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही होतात तेव्हा ते कधी जमलं नाही, कारण वाद घालणाऱ्याच्या हातात तुम्ही झाडू द्यायचात आणि अख्खं कोर्ट झाडून होईपर्यंत वाद आपोआप मिटायचा. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि जालन्याच्या ज्या कॉलेजात तुम्ही मला टेनिस शिकवलंत, तिथेच मी सहायक प्रशिक्षक आहे. सहायक म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. मुरुमावर पाणी मारायचं, चुन्याच्या रेषा आखायच्या, जाळी ताणायची, पोरींना एसटीनं स्पर्धेला न्यायचं आणि जिंकल्या तर फोटोत कडेला उभं राहायचं. खेळत होते तेव्हा निदान मधे असायचे.

तुमची एक रीत मी अजून चालवते. लहान स्पर्धांना रेषेवर पंच नसतात. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे आपणच सांगायचं. तुमचं म्हणणं, तोंड उघडायच्या आधी खूण बघायची, मुरुमावर ती उमटतेच. एक सकाळ आठवते. चेंडू पडताक्षणी मी बोट वर करते, "बाहेर." तुम्ही शिट्टी मारून खेळ थांबवता, रेषेपाशी येऊन वाकता. चेंडू खरंच बाहेर पडलेला आहे. मी हसते, आणि तुम्ही सगळ्यांदेखत मला झापता. "बराबर सांगितलं तू. पन बघितलं का? न्हाई बघितलं. मंग तुला काय म्हाईत? माझा बाप मेंढरं राखायचा. धुळीतला खूर बघून सांगायचा, कोनाचा कळप गेला ते. खाली बघितल्याबिगर त्यानं कोनावर कधी आळ घेतला न्हाई." खरं बोलूनही बोलणी खाल्ली, म्हणून मी कितीतरी दिवस तुमच्यावर फुगून होते. आणि खूण बघूनही शंका राहिली तर? तर पॉइंट समोरच्याचा. त्यावर तुमच्याकडे चर्चा नव्हती.

हे सगळं मी माझ्या एका पोरीला जसंच्या तसं शिकवलं. तिसऱ्या वर्षाला आहे, हातात ताकद आहे, आणि विद्यापीठाच्या संघात जायची तिची ही शेवटची संधी होती. तिचा बाप एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात आहे. स्पर्धेच्या आधी तो ड्यूटीवरून सरळ कोर्टावर आला, मोटरसायकलवरून उतरलाच नाही. "म्याडम, यंदा निवड झाली तर खेळू द्या तिला, आम्ही बिलकुल आडवं येत न्हाई. न्हाई झाली तर बास. बियाण्याच्या कंपनीत तिच्या नोकरीचं बोलून ठिवलंय मी." माणूस वाईट नाही. पोरीचा खेळ बघायला मात्र तो कधी थांबला नव्हता, त्या दिवशी थोडा वेळ थांबला.

निवडीचा सामना परवा शेजारच्या शहरात झाला. तिथलं कोर्ट सिमेंटवर निळा रंग दिलेलं, आरशासारखं गुळगुळीत. तिथे खूण उमटत नाही. मी तिला बजावलं होतं, "इथं वाकून काही दिसणार नाही, चेंडू पडला की लगेच सांगायचं, उशीर झाला तर आतच धरतात." तिनं मान हलवली. पण सांगितलेलं कानात राहतं आणि सवय पायात असते. सामना टायब्रेकपर्यंत गेला. समोरचीचा मॅच पॉइंट, हा एक गेला की सामना गेला. तिनं उंच चेंडू मारला, आमच्या पोरीच्या डोक्यावरून मागच्या रेषेकडे. पोरगी मागे धावली, चेंडूपर्यंत पोचली, मारू शकली असती, आणि तिनं रॅकेट खाली घेतली. आपल्या मुरुमाच्या कोर्टावर करते तसंच तिनं केलं, चेंडू जाऊ दिला आणि खूण बघायला वाकली.

मी मागच्या रेषेच्या अगदी सरळ बसले होते. चेंडू बाहेर पडला होता, चांगला वीतभर. पोरगी त्या निळ्या रंगावर शोधत होती. समोरचीनं विचारलं, "काय झालं, आत का बाहेर?" पोरीनं माझ्याकडे बघितलं. बाहेर बसलेल्यानं बोलायचं नसतं. मी गुडघे गच्च धरले आणि नजर दुसरीकडे नेली. नुसती मान हलवली असती तरी तिला कळलं असतं. शेवटी तिनं तळहात खाली केला. "आत," म्हणाली, आणि हात मिळवायला जाळीकडे गेली.

परतताना बसमध्ये बदनापूर आलं. तेव्हा ती खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "म्याडम, तुम्ही रेघेच्या सरळ बसल्या होत्या. खरं सांगा, आत होता का तो?"

सर, त्या वेळी मला तुमचा इतका राग आला. तुमच्या मुरुमाचा, तुमच्या बापाच्या मेंढरांचा, सगळ्याचाच. खरं सांगितलं तर ही पोरगी बियाणं निवडता निवडता जन्मभर तो चेंडू बाहेर पडताना बघणार. 'चूक झाली, पुढच्या वेळी सुधार,' असं म्हणावं तर पुढची वेळच नाही. आणि चूक तरी कसली? तिनं तुमचं ऐकलं, एवढंच.

"आत होता," मी म्हणाले. "रेषेला लागला."

तिनं मोठा श्वास सोडला. "मंग ठीकंय. मंग मी बराबर हारले," म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. जालना येईपर्यंत मी हललेसुद्धा नाही.

हे लिहून मी टेबलाच्या खणात टाकणार, दुसरीकडे कुठे टाकू? तुमचा नियम शंका असेल तेव्हाचा. मला शंका नव्हती, सर. तरी उद्या तिच्या बापानं विचारलं, तर त्यालाही मी आत होता असंच सांगणार आहे.