विचारायचं ते मावशीला विचारा

ती. मावशीस,

शिरसाष्टांग नमस्कार (लहान मुलांबरोबर जमिनीवर बसून बसून एक गुडघा धरलाय, तेव्हा सातच अंगांचा मानून घे). तब्येत कशी आहे, हे मी विचारत नाही. ते सगळं जग विचारतं, म्हणजे तुला नाही, तुझ्या लेकीला, आणि तुझ्या भांडणाचं मूळ तेच आहे. केमोचे तीन डोस घेतलेस आणि चौथ्याला 'मी येणार नाही' म्हणून दार लावून बसलीस. घरच्यांनी तुझी समजूत घालायचं काम माझ्या गळ्यात मारलं, कारण मी 'त्यातलीच', म्हणजे इस्पितळातली, आहे. मी साफ नाही म्हटलंय. तुझी समजूत आजवर कुणी घातली आहे? काकांनी जन्मभर प्रयत्न केला आणि शेवटी स्वतःचीच घालून घेतली. तेव्हा हे पत्र समजुतीचं नव्हे, माझ्या प्रतापांचं आहे.

तुला ठाऊकच आहे, आमच्या विभागाला दोन दरवाजे. एकातून कॅन्सरचे पेशंट येतात, दुसऱ्यातून दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं दोन वर्षांची होऊन येतात, आणि दोघांचं कसं चाललंय हे अभ्यासासाठी टिपणारी मी मधल्या खोलीत. (दोन्हींचा संबंध काय, असं लोक विचारतात. संबंध एवढाच की दोघांनाही कुणी काही विचारत नाही.) पद्धतच तशी आहे, प्रश्न सोबतच्याला करायचा. बाळ बोलतं का, हे आईला. आजी जेवतात का, हे लेकीला. मध्यंतरी सातव्या महिन्यात जन्मलेली एक पोर आली. जन्मली तेव्हा ओंजळीत मावत होती म्हणे, आता खोलीत मावत नव्हती. ठोकळ्यांचा मनोरा रचायचा सोडून तिने एकेक ठोकळा माझ्या पर्समध्ये भरला. बोलते का, विचारल्यावर आई मान खाली घालून म्हणाली, अजून एक शब्द नाही. मी ठोकळे बाहेर काढायला लागले, तशी पोरीने माझं मनगट धरलं आणि खणखणीत आवाजात "नको" म्हणाली. आई रडायलाच लागली. मीही रडले असते, पण पर्स ओढाताणीत होती. आमच्या साहेबांचं म्हणणं, पहिला शब्द आई, बाबा, पाणी असा हवा, 'नको' कसला धरता. मी धरला. ज्याला नको म्हणता येतं त्याची वाढ नीट चालली आहे, असं माझं मत आहे आणि ते मी कुणासाठी बदलणार नाही.

ठिणगी पडली ती बैठकीत. मी मागणी केली की यापुढे जे विचारायचं ते पेशंटलाच विचारावं. साहेब म्हणाले, वेळ फार जातो, शिवाय सोबतचा माणूस जास्त नेमकं सांगतो. आता माझा स्वभाव तू जाणतेस (तुझ्यावरच गेलाय, आईवर गेला असता तर सुखी झाले असते). मी त्यांच्या शेजारच्या टायपिस्ट बाईंकडे वळले आणि वॉर्डात बोलतात तशा मोठ्या आवाजात विचारलं, "साहेबांची झोप कशी आहे? पोट साफ होतं ना?" बाई बिचाऱ्या सरळमार्गी. त्यांना वाटलं, हा अभ्यासाचाच भाग. दुपारची झोप उत्तम आहे, पोटाची तक्रार असते आणि हल्ली चिडचिड वाढलीय, असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं. साहेब मध्ये बोलायला लागले, तर मी त्यांच्या खांद्यावर थोपटून म्हटलं, थांबा हं आजोबा, आम्ही बोलतोय ना.

मला माफी मागायला सांगण्यात आलं. मी मागितली नाही, मागणारही नाही. वॉर्डातल्या बायका हे रोज ऐकून घेतात, आधी त्यांची मागा म्हटलं.  मग एका दुपारी साहेब माझ्या दारात उभे राहून म्हणाले, "राग तुमचा नाही आला. मी तिथंच बसलो होतो आणि विचारलं बाईंना, त्याचा आला." मी म्हटलं, वॉर्डातल्या बायकाही तिथंच बसलेल्या असतात. त्यावर त्यांनी केमोच्या, खिडकीकडच्या खोलीत महिनाभर माझ्या पद्धतीने करून बघायला परवानगी दिली, आणि काही बोंब झाली तर खापर माझ्याच डोक्यावर, हेही बजावलं.

घरात सगळ्यांना, म्हणजे ज्यांच्याशी तू सध्या बोलतेस त्यांना, माझा नमस्कार सांग.

तुझी,
हट्टी भाची

ता. क. खोली मिळाली, पण एक पंचाईत झाली आहे. बायकांना इतकी सवय पडलीय की प्रश्न केला की त्या लेकी-सुनांच्या तोंडाकडे बघतात. साहेब रोज डोकावून जातात आणि गालात हसतात. न विचारताही उत्तर देणारी एक बाई मला तातडीने हवी आहे. अशी मला एकच माहीत आहे. खिडकीजवळची खुर्ची तिच्यासाठी अडवून ठेवली आहे. गुरुवारी सकाळी न्यायला येते. येऊनही डोस नकोच वाटला तर तसं डॉक्टरांच्या तोंडावर सांग. तुझ्या वतीने मी एक अक्षर बोलणार नाही.

ता. क. आणखी एक. समजूत घालत नाही, असं वर लिहिलंय ते खोटं आहे. सगळं पत्र त्यासाठीच लिहिलं. मला भीती वाटते गं. आई गेल्यापासून मला रागावणारं तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.