घुबडं उडेपर्यंत घंटा बंद

३ जुलै, रविवार
आज चर्चच्या हॉलमध्ये निसर्गमंडळाबरोबर संयुक्त बैठक. विषय : हवामान, पर्यावरण आणि आपण. मंडळाच्या मुख्य बाई (गळ्यात कायम दुर्बीण, म्हणून दुर्बीणबाई) म्हणाल्या, वस्तीत उंदरांना विष घालतात, ते ओढ्यात उतरतं. विष बंद करायचं तर घुबडांना जागा द्या. चर्चचा मनोरा उत्तम, तिथे घरट्यासाठी लाकडी पेटी बसवू.
पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. साहजिक आहे. दर रविवारी पावणेआठची घंटा सत्तावीस वर्षं मीच वाजवतोय. उठलो आणि म्हणालो, घुबडं आली तर पिल्लं उडेपर्यंत घंटा बंद ठेवू! टाळ्या. इतक्या टाळ्या घंटेलासुद्धा कधी पडल्या नव्हत्या.
घुबडं काही येत नाहीत.
हिला सांगितलं. म्हणाली, हात दाखवून अवलक्षण. हिला हवामानातलं काय कळतंय.

२४ जुलै, रविवार
घुबडं आली. माणसाला भाड्याची खोली मिळायला वर्ष लागतं, यांनी तीन आठवड्यांत पेटीत संसार थाटला. पाच अंडी. दुर्बीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन महिने लागतील म्हणाल्या. मग माझ्याही आलं.
दर रविवारी वर चढून वहीत नोंद करायचं काम माझ्याकडे. ब्याऐंशी पायऱ्या. घंटा नाही, पायऱ्या मात्र त्याच.

३१ जुलै, रविवार
घंटेविना पहिला रविवार. लोक उशिरा येणार, गोंधळ होणार, हे गृहीत धरून दिलगिरीचं छोटं भाषण तयार ठेवलं होतं. सगळे वेळेवर. दोघं तर लवकर. सत्तावीस वर्षांची सवय आहे, एका आठवड्यात कशी जाईल? पुढच्या रविवारी बघा.
सात पन्नासला हिचा फोन. पोचलात का? गुडघ्यांमुळे ही दोन वर्षं घराबाहेर पडत नाही. घरी बसून दुसरं काम नाही.

७ ऑगस्ट, रविवार
पुन्हा वेळेवर. फाटकाशी उभा राहून चौदा जणांना विचारलं, काही चुकल्यासारखं वाटतंय का? शिंपीकाका म्हणाले, फुलदाणी हलवलीत का? ऑर्गनवाल्या बाई म्हणाल्या, तुम्ही बारीक झालात. (खरं आहे. घंटेची काळजी.) घंटेचं नाव कोणी काढलं नाही. दुःख खोल असलं की माणूस बोलत नाही.
सात पन्नासला फोन.

२१ ऑगस्ट, रविवार
निर्णय : लोलकाला टॉवेल गुंडाळून एकच ठोका द्यायचा. हळू. घुबडांना कळणारही नाही.
चढलो. टॉवेल काढला. मादीने अंग तिकडे ठेवून मान पूर्ण इकडे फिरवली. एवढ्यात खिशात फोन. पोचलात का? चिडून म्हणालो, पडलो तर कळवीन. हिने फोन ठेवला.
टॉवेल तिथेच खुंटीला लावून उतरलो. तसं बोलायला नको होतं.

१८ सप्टेंबर, रविवार
संयुक्त समितीची बैठक. वस्तीतल्या निम्म्या घरांनी विष बंद केलं. अहवालात पाळकसाहेबांचे आभार, दुर्बीणबाईंचे आभार, ‘मनोऱ्याचे सहकार्य’. मनोऱ्याचे! घंटेचा मुद्दा काढायचाच म्हणून हात वर केला. पाळकसाहेबांना वाटलं चहा हवाय. आला. प्यायलो.

१६ ऑक्टोबर, रविवार
चार पिल्लं उडाली. पाचवं पेटीच्या तोंडाशी बसून विचार करतंय. त्याला बरंच समजावलं.
फाटकावर फलक लावला : पुढच्या रविवारी, पावणेआठला, घंटा. संध्याकाळी बघतो तर त्यावर कोणीतरी हरवलेल्या छत्रीची सूचना डकवलेली. हिला मात्र तीनदा सांगितलं.

२३ ऑक्टोबर, रविवार
पाचवंही गेलं. दोर हातात घेतला. सवयीने पेटीत डोकावलो. मादी बसलेली. खाली अंडी. नवी. तीन.
खाली कोणालाच माहीत नाही. वाजवली असती तर कोण विचारणार होतं? पण उभं राहून, टाळ्या घेऊन बोललोय. दोर परत अडकवला. आणखी तीन महिने. रडू आलं.
पाळकसाहेबांना सांगितलं, आज घंटा नाही. म्हणाले, आज होती का?
आज फोन आला नाही. म्हटलं, चला, सुधारली.
घरी आलो तर खिडकी सताड उघडी. ही काठी घेऊन, चपला घालून दारात. चेहरा पांढराफटक. म्हणाली, आज घंटा आहे म्हणालात, म्हणून फोन केला नाही. पावणेआठ झाले, आठ झाले. ब्याऐंशी पायऱ्या, तुमचं वय. घंटा वाजली की मला कळायचं, चढलात नीट. मी एवढ्यासाठीच ऐकत होते इतकी वर्षं.
चौदा जणांना विचारलं होतं. हिला विचारायचं राहिलं.
संकल्प : यापुढे वर पोचल्या पोचल्या मीच फोन करणार. न चुकता.

३० ऑक्टोबर, रविवार
पोचलो. खिशात हात घातला. फोन घरी, टेबलावर.
पुढ्यात दोर. घुबडाची मान माझ्याकडे. खुंटीवरचा टॉवेल घेतला आणि झरोक्यातून घराच्या दिशेने जोरजोरात हलवला. खालून चर्चला येणाऱ्या लोकांनी पहिल्यांदाच मान वर करून मनोऱ्याकडे पाहिलं. आणि हात हलवले.
घरी येऊन हिला विचारलं, टॉवेल दिसला का? म्हणाली, एवढ्या लांबचं मला कुठलं दिसतंय. पाच वेळा फोन केला तुम्हाला. समोर टेबलावरच वाजत होता.
म्हटलं, समोर वाजतोय हे दिसत होतं, मग परत परत कशाला केलास?
म्हणाली, दुसरं काय करणार होते?