तीनशेसाठ घोड्यांचा नंदी

२ सप्टेंबर २०२४, सोमवार

हो म्हणाले! साखर कारखान्याचे चीफ इंजिनियर आनंदराज साहेब. चार वर्षं "बघू, बघू" म्हणणारा माणूस आज "करा" म्हणाला. कारखान्याच्या आवारातल्या लाईनीवर साखरेच्या वॅगन ओढायला मी इंजिन बांधायचं. डिझेलचं. तेही साधं नव्हे – भंगारातल्या वॅगनची चासी आणि तिच्यावर ट्रकची दोन इंजिनं. एकेक एकशेऐंशी घोड्यांचं. दोन्ही मिळून तीनशेसाठ! सध्या तिथं ट्रॅक्टर दोन-दोन वॅगन ओढतो, तोंडाला फेस येईस्तोवर. माझं इंजिन भरलेल्या बारा ओढेल. एका दमात.

साहेब म्हणाले, "वीरण्णा, असलं कुठं कुणी केलंय का?"

म्हटलं, "केलं असतं तर मला कशाला बोलावलं असतं?"

हसले. पण कागदावर सही घेतलीच – रेल्वेच्या लाईनीवर एक फूटही जायचं नाही, सगळं फाटकाच्या आत. मान्य. ते पुण्याचे बी.ई., मी उदगीरचा नववी नापास. सही मात्र माझीच वळणदार.

नाव ठरलं – नंदी.

५ सप्टेंबर, गुरुवार

नकाशा पूर्ण. पुढच्या चाकांना एक इंजिन, मागच्यांना दुसरं. दोन्ही एक्सल मध्ये जाड चेनने बांधलेले. म्हणजे एक जोडी जागेवर गरगरायला लागली तरी दुसरी तिला सोडणार नाही. शिवकांताला पोळपाटावर लाटणी ठेवून समजावलं. म्हटलं, दोन बैल आणि मध्ये जू. तिने पाहिलं सगळं. म्हणाली, "आणि दोघं दोन चालींचे निघाले तर?"

बायकोला यंत्र समजावू नये. नाहीतर लाटणी तरी घेऊ नयेत.

१९ सप्टेंबर, गुरुवार

नांदेड. एवढ्या मोठ्या चाकांना पुरेल अशी लेथ लातुरात माझ्या ओळखीत नाही, व्यंकटकडे आहे. पुढची जोडी चढवली. रुळाला टेकणारी धाव झिजून वाकडीतिकडी झालेली, ती कापून एकसारखी करायची. घेर ठरवला १०८ इंच. व्यंकट कापणार, मी चाकाला टेपचा वेढा घालून बघणार.

माझा टेप बावीस वर्षांचा. पहिला इंच शटरमध्ये सापडून तुटला, त्यालाही चौदा वर्षं झाली. तेव्हापासून टेपवर जे येईल त्यातून एक वजा. १०९ दिसले म्हणजे १०८. आता वजाबाकी करावीही लागत नाही, डोळाच करतो.

व्यंकट म्हणाला, "अण्णा, नवा घ्या की! नाहीतर माझं कॅलिपर घ्या, फुकट देतो वापरायला."

"चौदा वर्षांत माझं एक तरी माप चुकलं का?"

"न्हाई बा."

"मग काप गुमान."

१०९ दिसले, थांबला. आरशासारखी धाव! मागच्या जोडीचा मात्र अजून पत्ता नाही. भंगारवाला म्हणतो, दसऱ्यापर्यंत थांबा.

११ ऑक्टोबर, शुक्रवार. खंडेनवमी

शेडमध्ये पूजा. पाने, हातोडे, ड्रिल, वेल्डिंगचा डबा, सगळ्यांना भस्माची तीन बोटं आणि झेंडू. बघतो तर टेपच्या जागी चकाकता पिवळा नवा टेप!

"जुना कुठाय?"

शिवकांता म्हणाली, "खंडित वस्तू पूजेला चालत नाही. ठेवून दिला मी. चौदा वर्षं देवासमोर मोडका टेप मांडता, लाज कशी वाटत नाही?"

चारचौघांत काय बोलणार. तसा टेप चांगला आहे. जाड पात्याचा, ठळक आकड्यांचा. पुढची खुंटी वेढा घालताना आड येते म्हणून पूजा उरकल्यावर तेवढी काढून टाकली. शिवकांता म्हणाली, "आणल्या आणल्या यालाही मोडलंत!"

१७ ऑक्टोबर, गुरुवार

मागची जोडी मिळाली. पुन्हा नांदेड, पुन्हा व्यंकट. लेथवर फुलांच्या माळा अजून तशाच. मागच्या वेळेसारखंच – "१०९ दिसले की थांब." थांबला. मग चहा, मग व्यंकटच्या मेहुण्याची कहाणी, मग एसटीत उभं राहून लातूर. पाय दुखताहेत, पण चारही चाकं तयार!

८ नोव्हेंबर, शुक्रवार

नंदी आज स्वतःच्या पायावर उभा राहिला. मागची बाजू सव्वा सूत उंच दिसते. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत, आणि तसला सव्वा. दुसऱ्या कुणाला हा फरक दिसलाही नसता. पुढच्या स्प्रिंगा थकलेल्या असणार, भंगाराचाच माल. पत्र्याचे गुटके घालून सपाट केलं. असल्या गोष्टी पदवीने दिसत नाहीत.

कारखान्याने ड्रायव्हर दिला – भागवत. देगलूरकडचा, रोडरोलर आणि ट्रॅक्टर चालवून हात बसलेला. पंचेचाळिशीचा, बारीक, कमी बोलतो. पहिल्याच दिवशी नंदीच्या पुढ्यात नारळ फोडला आणि अर्धा मला दिला. म्हणाला, "अण्णा, आयुष्यभर दुसऱ्याच्या जुन्या गाड्या चालवल्या. नवी कोरी पहिल्यांदाच हातात येऊन राहिली." आवडला माणूस.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

मठाचं गेट बसेना. दोन्ही पाखं एकमेकांवर चढतात, इंचभर. स्वतः माप घेऊन बनवलेलं. दोष गवंड्याचा, खांब ओळंब्यात नाहीत. तसं तोंडावर सांगितलं. गवंडी बिचारा ओळंबा लावून दाखवायला लागला, पण मला वेळ कुठाय.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

बारा!!

सकाळी सात. थंडी, रुळांवर दव. भागवतने दोन्ही इंजिनं सुरू केली – आवाज असा, की बगॅसच्या, उसाच्या चिपाडाच्या ढिगावरचे बगळे उडाले. बारा भरलेल्या वॅगन. आधी नुसती चेन ताणली, मग एकेक कपलिंग खडखडत गेलं. आणि हलल्या! गोदामापासून फाटकापर्यंत, न थांबता. वजनकाट्यावरची पोरंसोरं, ऊस घेऊन आलेले, सगळे धावत सुटले. कुणीतरी "हर हर महादेव" केलं. आनंदराज साहेबांनी हात मिळवला आणि सोडायला विसरले.

भागवत खाली उतरला तेव्हा हसत होता, पण म्हणाला, "अण्णा, एक सांगू का? म्होरचं चाक मागच्याला वढून राहिलं. मदीच घसरतंय बघा. जोडी एका चालीची न्हाई."

म्हटलं, "बारा वॅगन आल्या का?"

"आल्या की."

"मग चाल मी बघतो, तू चालव."

५ डिसेंबर, गुरुवार

पेपरात फोटो! नंदी, मी, कोपऱ्यात भागवतचं अर्धं डोकं. "लातूरच्या कारागिराची कमाल." कमाल नव्हे, हिशेब – पण असो. शिवकांताने कात्रण फ्रीजवर लावलं. उदगीरहून तीन फोन. नववीत मला नापास करणाऱ्या सरांच्या मुलाचाही!

१३ डिसेंबर, शुक्रवार

चेन तुटली. दुपारी दोन वाजता, नऊ वॅगन मागे असताना. चेनवरच्या गार्डचा पत्रा फाडून तुकडा बाहेर पडला. कुणाला लागलं नाही. चेन नवी होती! आतापर्यंत रोज सकाळीच काम चालायचं, आज पहिल्यांदा दुपारी घेतलं. भागवत जेवून आलेला. झापड असणार डोळ्यांवर.

१८ डिसेंबर, बुधवार

पुन्हा. पुन्हा दुपारी. पुन्हा भागवत.

"एका इंजिनाला आधी रेस देतोस तू."

"न्हाई अण्णा, आईची आण. दोन्ही हात बरोबरीनं."

"मग चेन काय मी चावली?"

सगळे हसले. तो नाही हसला.

२० डिसेंबर, शुक्रवार

सकाळी सात वाजता स्वतः बसलो. दव, धुकं, समोरचं फाटक दिसेना. दहा वॅगन. लोण्यातून सुरी! चेनने हूं की चूं केलं नाही. उतरून सगळ्यांदेखत भागवतकडे बघितलं.

२१ डिसेंबर, शनिवार

आनंदराज साहेबांनी बोलावलं. "वरून विचारणा झालीय. एक तर इंजिन सदोष आहे, नाहीतर ड्रायव्हर. लेखी द्या. वीरण्णा, एक विचारतो, राग मानू नका – चारही चाकं कॅलिपरने ताडून बघितलीत?"

राग मानू नका म्हणे! चाकांचं माप मी स्वतः घेतलंय साहेब, म्हटलं, या हातांनी.

लेखी दिलं. एकच ओळ – 'इंजिन निर्दोष असून बिघाड चालकाच्या हाताळणीमुळे झालेला आहे.' अक्षर चांगलं आलं.

२४ डिसेंबर, मंगळवार

भागवतला काढलं. मला वाटलं होतं पुन्हा ट्रॅक्टरवर घेतील. नाही घेतलं. 'मशिनरीचं नुकसान' असा शेरा मारलाय, आता आसपासच्या कुठल्या कारखान्यात उभं करणार नाहीत.

पिशवी घेऊन शेडवर आला. मला वाटलं भांडेल. म्हणाला, "नंदीच्या डाव्या बाजूचा ग्रीसचा निप्पल ढिला हाय, बघून घ्या." मग दारात थांबून, "तुमच्या मापाला न्हाई म्हणणारा मी कोण, अण्णा? पर गाडी मला सांगून राहिली होती."

निप्पल ढिला होता.

९ जानेवारी २०२५, गुरुवार

दुपारी साडेतीन. मी स्वतः. अकरा वॅगन. ऊन कडक, रूळ तापलेले. अर्ध्या वाटेवर बंदुकीसारखा आवाज – चेन तुटून मागच्या गिअरबॉक्समध्ये घुसली. गिअरबॉक्सची दोन शकलं. तेल सगळं खडीवर. नंदी तिथंच बसला.

दोन्ही हात बरोबरीने होते. मला माहीत आहे, होते.

भागवतने आधीच आतून सगळं खिळखिळं करून ठेवलेलं असणार. दुसरं कारण नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तीळगूळ वाटले. गोड काही बोलवेना.

३ फेब्रुवारी, सोमवार

ट्रॅक्टर पुन्हा आला. तोच जुना, दोन-दोन वॅगनवाला. नंदीला क्रेनने उचलून मागच्या कुंपणाशी बाभळीखाली ठेवलं. हंगाम संपल्यावर बघू, साहेब म्हणाले. "बघू" परत आलं.

शिवकांताने कात्रण फ्रीजवरून काढलं नाही. मी काढलं.

२२ जून, रविवार

उदगीरला लग्न. देगलूरचा एक पाहुणा सांगत होता, भागवत आता दुसऱ्याच्या रानात फवारणीला जातो. गाडीवर कुणी घेईना. मी जेवून लगेच निघालो. बासुंदी बरी होती.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

पूजेच्या टेबलाला नवं कापड घ्यायचं म्हणून शिवकांताने टेप ओढला. "अठ्ठेचाळीस."

मी तिकडून टेपाकडे नुसता बघून म्हणालो, "सत्तेचाळीस."

ती हसायला लागली. "अहो, तुटका जाऊन वर्ष झालं! हा पुरा आहे. अजून वजाच करताय?"

मीही हसलो. चहा घेतला. मग मठाचं गेट आठवलं. गवंडी ओळंबा लावून दाखवत होता ते आठवलं. मग ही वही मागे उलटली. १९ सप्टेंबर – १०९, जुना टेप. १७ ऑक्टोबर – १०९. नवा टेप.

मागची जोडी इंचाने मोठी, दर फेऱ्याला पुढचीपेक्षा इंचभर जास्त धावणारी. सव्वा सूत. गुटके. रोज सकाळी दवाने ओले रूळ – चाक घसरून तेवढा फरक गिळायचं. दुपारी कोरडे. घसरायला जागा नाही, मग तुटणार ती चेनच. कुणीही बसलेलं असो.

पूजा शिवकांतानेच केली. मला विचारलं, बरं नाही का?

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

कारखान्यात गेलो. बाभळीचा पाला झाडून वेढा घातला. पुढचं चाक १०८, मागचं १०९. काही वजा न करता.

साहेबांच्या टेबलावर लेखी ठेवलं – दोष मापाचा, माप माझं, चालक निर्दोष, शेरा काढावा. आता देगलूरच्या एसटीत आहे, अक्षर हलतंय. आपट्याची पानं खिशात आहेत. आधी सांगणार, मग पानं पुढे करणार. त्याने घेतली तर.